राइडचं टेस्टिंग चालू असताना ड्रोन उडवला आणि एक पातं सापडेना

एरीकाठ (धागाकर्ता)
मंडळी, गेले आठ दिवस हे लिहायचं लिहायचं म्हणून राहत होतं, आज बसलोच. मी ओहायोत राहतो. इथली थीम पार्कं हिवाळाभर बंद असतात आणि एप्रिलमधे थंडी ओसरली की मे मधल्या ओपनिंगसाठी राइड्सचं टेस्टिंग सुरू होतं. मला आणि माझ्या लेकीला (वय ११) रोलर कोस्टरचं प्रचंड वेड आहे, त्या रिकाम्या ट्रेन फिरताना बघायला आम्ही दरवर्षी मुद्दाम गाडी काढून जातो आणि कुंपणाबाहेर रस्त्याकडेला उभे राहतो. यंदा सोबत ड्रोन नेला, २४९ ग्रॅमवाला. पार्कचं नाव लिहीत नाही, चूक माझी आहे, त्यांची नाही.

ॲपमधे बघितलं तर विमानतळाची हद्द वगैरे काही नव्हती. पार्कच्या जागेतून उडवायचा नाही एवढं माहीत होतं म्हणून बाहेरच्या रस्त्यावरून उडवला. ४५ मीटरवर ठेवून लिफ्ट हिलच्या (साखळी ट्रेनला वर ओढते तो चढ) पलीकडे नेला, कारण तिकडून ऊन छान पडलं होतं. तिथे गेल्यावर स्क्रीन थिजली, मग सिग्नल गेला, आणि ड्रोनने आपोआप रिटर्न टू होम घेतलं, म्हणजे आहे त्या उंचीवरून सरळ रेषेत माझ्याकडे, आणि मधे दोनशे फुटांचा लोखंडी सांगाडा. माझ्या मॉडेलला समोरचा अडथळा कळत नाही. लेकीला आधी दिसलं. "बाबा, पडला."

ट्रेन तेव्हा अर्ध्या वाटेवर होती, ती पुढच्या ब्रेकवर जाऊन थांबली. आणि मग लिफ्टच्या जिन्यावर नारिंगी जॅकेट घातलेली दोन माणसं हलताना दिसली. ती तिथे होती हे मला तोपर्यंत दिसलंच नव्हतं!! अजून सुद्धा डोळे मिटले की ती दोन जॅकेटं दिसतात.

वीसेक मिनिटांनी सिक्युरिटीची गाडी आली. आवाज चढवून कोणी बोललं नाही. त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंनी ड्रोन माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, याला पाती किती असतात? चार मोटर, प्रत्येकी दोन, आठ. हातात सात होती. एक मुळातून तुटलेलं. त्यानंतर तीन माणसं अंधार पडेपर्यंत ट्रॅकखाली आणि ट्रॅकवर ते पातं शोधत होती, दिवसभराचं टेस्टिंग बंद. आम्हाला जायला सांगितलं तरी मी गाडीत बसून राहिलो.

माझा नावपत्ता घेतला आहे, तक्रार जाणार असं सांगितलंय आणि ते योग्यच आहे. माझे प्रश्न दोन. कायद्याने मी नक्की कुठे चुकलो? आणि आता पार्कला काय लिहू?

शेवचिवडा
दादा एवढं मनाला लावून घेऊ नका. २४९ ग्रॅमचं ते, ट्रेन रिकामी, पार्क बंद, कोणाला लागलं नाही. साडेतीन हजार किलोची ट्रेन आणि पाव किलोचं प्लास्टिक, ट्रेनला काय होणारे?

उडता_कॅमेरा
शेवचिवडा, ट्रेनला नाही हो, पण बाकी सगळ्याला होतं.

धागाकर्ते, मी नाशिकला ड्रोन पायलट आहे, लग्नं, शेतीचं मॅपिंग, बांधकामाचं शूटिंग सगळं करतो, तिकडचे नियम कामापुरते वाचलेत. तुम्ही चुकलात ते लिफ्टच्या पलीकडे नेलात तिथे. अमेरिकेत हौशी माणसाला सुद्धा ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवावा लागतो, गॉगल किंवा स्क्रीनवर दिसतो ते धरत नाहीत, उघड्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. ड्रोन सांगाड्यामागे गेला तिथेच नियम मोडला, पडला नसता तरी मोडलाच होता. २५० ग्रॅमच्या आत असला की रजिस्ट्रेशन लागत नाही हे बरोबर, पण ती सूट कागदाची आहे, उडवण्याच्या नियमातून सूट नाही. हौशी लोकांना ती छोटी ऑनलाइन टेस्ट द्यावीच लागते, वजन कितीही असो. ती दिलीत ना?

दुसरं, हे सगळ्यांसाठी. रिटर्न टू होमची उंची प्रत्येक ठिकाणी उडवण्याआधी बदलायची असते. आजूबाजूला सगळ्यात उंच जे काही आहे त्याच्या वर. आणि लोखंडाच्या जंगलात हे सुद्धा पुरत नाही, कारण ट्रॅक आणि खांबांमुळे कंपास भरकटतो, जीपीएसचे सिग्नल लोखंडावर आपटून येतात, ड्रोनला स्वतःची जागा चुकीची वाटते. मी मोबाइल टॉवरच्या कामात हे बघितलंय, हवा पडलेली असताना ड्रोन आपला आपण चार मीटर सरकला.

एरीकाठ
टेस्ट दिली आहे. नजरेच्या टप्प्याचा प्रश्न त्यात होता आणि मी उत्तर बरोबर दिलं होतं.

कोस्टरवेडा
न्यू जर्सीहून. शेवचिवडा यांच्या "पाव किलोला काय होणारे" वर थोडं गणित, कारण हा गैरसमज आमच्या कोस्टरवाल्या लोकांत पण खूप आहे.

आपल्या खोपोलीच्या इमॅजिकामधली नायट्रो घ्या, बऱ्याच जणांनी केली असेल, ४० मीटर उंच, वेग ताशी १०५ किमी, पाच वेळा उलटी होते. या वेगाने जाणाऱ्या माणसासमोर २४९ ग्रॅमचा ड्रोन हवेत नुसता स्थिर उभा असला तरी तो तोंडावर बसताना त्यात साधारण १०५ ज्यूल ऊर्जा असते. सीझन बॉल १६० ग्रॅमचा, तो ताशी १३० किमीने आला तर तेवढीच. म्हणजे फास्ट बोलरचा चेंडू, विना हेल्मेट, आणि हार्नेसमुळे मान वळवायला जागा नाही. आता ओहायोतल्या सीडर पॉइंट पार्कचं टॉप थ्रिल २ घ्या, ताशी १९३ किमी, तिथे हाच आकडा ३५० च्या पुढे जातो. वेग दुप्पट झाला की मार चौपट.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही. १९९९ च्या ३० मार्चला व्हर्जिनियात बुश गार्डन्समधे अपोलोज चॅरियट या कोस्टरचं उद्घाटन होतं, पहिल्या सीटवर फाबियो नावाचा प्रसिद्ध मॉडेल बसला होता, उतारावर एक रानहंस मधे आला आणि राइड संपली तेव्हा त्याचं नाक रक्ताने माखलेलं. हंसाला हाडं आणि पिसं असतात, ड्रोनमधे मोटरी आणि लिथियमची बॅटरी असते.

२०२१ च्या ऑगस्टमधे टॉप थ्रिल ड्रॅगस्टरच्या ट्रेनची पंज्याएवढी धातूची पट्टी सुटून खाली रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या डोक्याला लागली, त्या फार गंभीर जखमी झाल्या. ती राइड त्या रूपात परत उघडलीच नाही, त्यावरच टॉप थ्रिल २ बांधलं. म्हणून त्या भागात वरून पडणाऱ्या छोट्या वस्तूला कोणी छोटी म्हणत नाही. अवांतर: ओहायोत राइड्सची तपासणी राज्याचं कृषी खातं करतं, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही खरं वाटलं नव्हतं.

माईची_लेक
गणिताचा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला. त्याच्या वाढदिवसाला ड्रोन मागतोय. वाचनखूण साठवली.

शेवचिवडा
कोस्टरवेडा, गणित पटलं. पण ते माणूस बसलेला असताना. टेस्टिंगला ट्रेनमधे कोणीच नसतं, मग टेस्टिंगच्याच वेळी उडवणं त्यातल्या त्यात सुरक्षित नाही का? हे खरंच विचारतोय, वादासाठी नाही.

नाना_पक्कड
शेवचिवडा, प्रश्न चांगला आहे आणि बहुतेक लोकांना असंच वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी एकवीस वर्षं राइड मेंटेनन्समधे काढली, आधी जत्रेतल्या पाळण्यांवर, मग एका पार्कात, नंतर काही वर्षं आखातात. आता रिटायर.

बाहेरच्याला टेस्टिंग म्हणजे रिकामी ट्रेन दिसते. आतल्या माणसाला टेस्टिंग म्हणजे ती वेळ, जेव्हा राइडच्या आजूबाजूला माणसं सगळ्यात जास्त असतात. गेस्ट असतात तेव्हा ट्रॅकच्या हद्दीत एक माणूस जात नाही, दारं बंद, चावी ऑपरेटरकडे. टेस्टिंगच्या सीझनमधे मात्र कोणी जिन्यावर सेन्सर ॲडजस्ट करतोय, कोणी ब्रेकजवळ कान लावून बसलाय, कोणी खाली उभा राहून नुसता आवाज ऐकतोय. ट्रेन सोडायच्या आधी सगळे ठरलेल्या सुरक्षित जागी जातात आणि वॉकीवर एकेक जण "क्लियर" म्हणतो, मग बटन. ही सगळी शिस्त ट्रेनसाठी असते. मान वर करून आकाशाकडे बघायची शिस्त यात कुठेच नाही, कारण आकाशातून काही येणं अपेक्षितच नाही. जिन्यावरच्या माणसाचा पट्टा रेलिंगला अडकवलेला असतो, त्याला पळता पण येत नाही.

सकाळचा ट्रॅक वॉक कसा असतो सांगतो. उजाडायच्या आधी, हातात टॉर्च, एक हात रुळावर फिरवत पायरी पायरी चढायचं. वेल्डवर केसाएवढी रेघ आहे का, बोल्टवर मारलेली रंगाची खूण सरकलीये का, ग्रीसमधे काही चमकतंय का. चेनशेजारच्या दातेरी पट्टीत ट्रेनचं कुत्रं, म्हणजे लोखंडी खटका, अडकतं (ट्रेन मागे येऊ नये म्हणून असतं ते, चढताना खट् खट् वाजतं ते हेच), त्याचे दात बघायचे. चाकं तीन जागी असतात, वर, बाजूला आणि रुळाच्या खाली, त्यांच्यावर पॉलियुरेथेनचा थर असतो, त्याला नख लावून बघायचं. थंडीत हा थर कडक असतो, बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट असतं, म्हणून एप्रिलच्या पहाटे ट्रेन उन्हाळ्यापेक्षा हळू जाते. त्यात रिकामी, म्हणजे हलकी. म्हणून सीटवर पाणी भरलेले डमी ठेवून फिरवतात, माणसाच्या वजनाला ट्रेन कशी वागते ते बघायला.

आता अशा थंड हलक्या ट्रेनच्या वेळी मधेच ड्रोन दिसला की ऑपरेटर काय करणार? स्टॉप दाबणार, दाबलाच पाहिजे. लिफ्टवर असली तर जागेवर थांबेल, ब्लॉक ब्रेकवर (वाटेत ट्रेन पूर्ण थांबवता येते तो ब्रेक) असली तर तिथे. पण ब्रेकला वेग थोडा जास्त कापला गेला आणि ट्रेन पुढच्या चढाला कमी पडली तर ती दोन चढांच्या मधल्या खळग्यात झोके घेत बसते. तिथून ती स्वतःहून निघत नाही. विंच लावून, कधी क्रेन आणून ओढायची, डबे उतरवायचे, मग सगळी चाकं तपासायची. हे मी दोनदा केलंय, ड्रोनमुळे नाही, वाऱ्यामुळे. एकदा तीन दिवस गेले.

आणि ते पातं. खरं सांगायचं तर तुमचं मऊ प्लास्टिकचं पातं चाकाखाली आलं असतं तर बहुधा चुरा झाला असता, बाकी काही नाही. पण शोधणाऱ्याला बहुधा हा शब्द वापरता येत नाही. पात्याबरोबर स्क्रू निघालाय का? मोटरचं झाकण? मोटरीत लोहचुंबक असतं, ते ब्रेकच्या फटीत जाऊन चिकटलं तर? तिथे मॅग्नेट आणि पट्टीच्या मधे बोटसुद्धा जात नाही एवढी जागा. म्हणून आकडा जुळेपर्यंत शोधायचं. आमच्याकडे तर टूलबॉक्समधला एक पाना कमी भरला तरी राइड उघडत नसे. त्या बाईंनी तुम्हाला पाती किती असं विचारलं ना, तो प्रश्न वाचला आणि मी खुर्चीत सरळ बसलो. चांगली टीम आहे ती.

जास्वंद
नाना, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका प्लीज.

शेवचिवडा
नाना, पहिलं वाक्य मागे घेतो. जिन्यावर पट्टा बांधलेला माणूस डोळ्यासमोर आला.

जास्वंद
मी ऑरलँडोत असते, इथली परिस्थिती सांगते. डिस्नेच्या दोन्ही ठिकाणी, म्हणजे इथे आणि कॅलिफोर्नियात, २००३ पासून आकाशच बंद आहे. तीन नॉटिकल मैल त्रिज्या, साडेपाच किलोमीटर धरा, आणि ३००० फुटांपर्यंत. नकाशावर लाल गोल दिसतो, विषय संपला. बाकीच्या पार्कांना हे कवच नाही. २०१६ च्या एफएएच्या (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) कायद्यात कलम २२०९ म्हणून आहे, त्यात रिफायनरी, केमिकल प्लांट यांच्या बरोबर अम्युझमेंट पार्कचं नाव स्पष्ट लिहिलंय, की यांना आपल्यावर ड्रोनबंदी मागता यावी. कलम आलं, पण ते अमलात आणायचे नियम वर्षानुवर्षं रखडले, शेवटी २०२५ च्या जूनमधे राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात ते काम पुढे न्या असं लिहावं लागलं. माझा राग याच्यावर आहे. एरीकाठ यांनी ॲप उघडलं तेव्हा तिथे लाल दिसलं असतं तर त्यांनी ड्रोन बॅगेतून काढलाच नसता, असं त्यांच्या लिहिण्यावरून तरी वाटतं. प्रामाणिक माणसाला थांबवायला नकाशावर रंग पुरतो.

तोवर पार्कांच्या हातात एवढंच की आमच्या जमिनीवरून उडवायचा नाही, उतरवायचा नाही. वरची हवा एफएएची. इथलं एपिक युनिव्हर्स पार्क २०२५ च्या मे मधे उघडलं, त्याआधी वर्षभर लोक वरून फोटो मिळवायला धडपडत होते, ते पार्क तर मोठ्या विमानतळाच्या कंट्रोल्ड हद्दीत आहे. तरी मला विचारायचे, तुझ्या बाल्कनीतून उडवू का म्हणून. नाही म्हणून वाईट झाले काही जणांशी.

कोस्टरवेडा
जास्वंद यांना अनुमोदन. अजून एक गंमतीशीर, म्हणजे खरं तर विचार करण्यासारखी गोष्ट. हौशी ड्रोनला जमिनीपासून ४०० फुटांची मर्यादा. टॉप थ्रिल २ चा टॉवर ४२० फूट. म्हणजे नियमात राहून उडवलं तर तुम्ही कायम टॉवरच्या टोकाच्या खालीच, कधी वर जाऊच शकत नाही. एवढ्या उंच कोस्टरजवळचा कायदेशीर ड्रोन हा सांगाड्याच्या मधे असण्याचीच शक्यता जास्त.

आणि हो, दंड. २०२४ च्या कायद्यानंतर एका उल्लंघनाला ७५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. घाबरवायला नाही सांगत, पहिल्या चुकीला आणि स्वतःहून सहकार्य करणाऱ्याला तेवढा लावतील असं मला वाटत नाही, पण वकिलाशी एकदा बोलून घ्या.

माईची_लेक
भारतात काय नियम आहेत? मुलाला दाखवायचेत.

उडता_कॅमेरा
ताई, आपल्याकडे ड्रोन रूल्स २०२१. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. सरकारच्या डिजिटल स्काय या साइटवर नकाशा आहे, हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी न घेता, लालमधे केंद्राच्या परवानगीशिवाय अजिबात नाही. शिवाय एसपी दर्जाचे पोलीस अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल करू शकतात, यात्रा, सभा, व्हीआयपी असले की होतं, म्हणून त्या दिवशीचा नकाशा बघायचा, कालचा नाही.

पण ताई, मी मुलाला नियमाच्या आधी दुसरी गोष्ट सांगेन. तीन वर्षांपूर्वी एका यात्रेत मला कमिटीवाल्यांनी सांगितलं की आकाशपाळण्याच्या भोवती फिरवून शॉट घे, वरच्या पाळण्यातली पोरं हात हलवतात तो. नकाशा हिरवा, पैसे ठरलेले. मी पाळण्यापासून जेमतेम १५ मीटरवर होतो आणि वरच्या पाळण्यातला एक मुलगा ड्रोन धरायला उठून उभा राहिला. त्याच्या आईने शर्टाला धरून खाली ओढला. ड्रोन आदळला नाही, काही बिघडलं नाही, शॉट पण मिळाला, तो मी डिलीट केला आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून चालू पाळण्याजवळ जात नाही. ड्रोन पडेल याची भीती सगळे सांगतात, माणसं ड्रोनकडे बघायला लागतात हे कोणी सांगत नाही. तुमच्या त्या लिफ्टवरच्या दोघांनी पण मान वर केलीच असणार.

नाना_पक्कड
हे अगदी खरं. जत्रेत पाळणेवाला एक नजर सगळ्या पाळण्यांवर ठेवून असतो, त्याची नजर हटली की संपलं.

जास्वंद
सिएटलच्या ग्रेट व्हील या आकाशपाळण्याला २०१५ च्या नोव्हेंबरमधे ड्रोन धडकला होता, खाली कॅफेच्या टेबलावर पडला. कोणी टेबलावर नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरात इटलीत मार्सेल हिर्शर स्कीइंगच्या शर्यतीत उतरत असताना त्याच्या मागे एक पाऊल अंतरावर चित्रीकरणाचा मोठा ड्रोन कोसळला, तो तर अनुभवी ऑपरेटरचा होता. तेव्हा स्की महासंघाने शर्यतीत ड्रोनच बंद केले होते. एरीकाठ, तुमचं नशीब त्या टेबलासारखं निघालं एवढंच.

शेवचिवडा
मग पार्कवाले स्वतः ते सुंदर व्हिडिओ काढतात ते कसे? ट्रेनच्या अगदी मागे मागे जातो तो ड्रोन.

उडता_कॅमेरा
ते एफपीव्हीवाले, म्हणजे गॉगलमधे ड्रोनच्या कॅमेऱ्याचं दृश्य बघत उडवणारे. लायसनवाला पायलट, शेजारी डोळ्यांनी ड्रोनवर लक्ष ठेवणारा दुसरा माणूस, राइड ऑपरेटर वॉकीवर, ट्रॅकच्या हद्दीतली सगळी माणसं बाहेर, ट्रेन कधी सुटणार हे सेकंदावर ठरलेलं, आणि नंतर परत ट्रॅक वॉक. तो शॉट ड्रोनचा नाही, त्या तयारीचा आहे. बाहेरच्या रस्त्यावरून यातलं एकही मिळत नाही.

एरीकाठ, पार्कला काय लिहायचं ते सांगतो. सफाई देऊ नका. ड्रोनचं मॉडेल, वजन, त्याचे सगळे सुटे भाग कोणते, पात्याला किती स्क्रू, उडल्याची वेळ, धडकल्याची वेळ, मेमरी कार्डातला पूर्ण व्हिडिओ, फ्लाइट लॉग. कुठे धडकला हे लॉगमधून काही मीटरच्या फरकाने कळतं, शोधणाऱ्यांची जागा कमी होईल. हे आठ दिवसांपूर्वीच पाठवायला हवं होतं.

एरीकाठ
लॉगचं सुचलंच नाही मला. आत्ता काढतो.

एरीकाठ
अपडेट. काल रात्री लॉग, व्हिडिओ आणि पात्याच्या जोडीचा फोटो फुटपट्टी ठेवून पाठवला. लेकीने स्वतः मोजलं, साडेपाच सेंटीमीटर आणि एक स्क्रू. व्हिडिओत शेवटच्या चार सेकंदात जिन्यावरचा माणूस दिसतो, तो डोकं वाचवायला हात वर करतोय. लेकीला दाखवला नाही, मग दाखवला.

आज दुपारी त्या वयस्कर बाईंचं उत्तर आलं. ती राइड आठ दिवस वरच्या भागाची तपासणी होईपर्यंत बंदच ठेवली होती त्यांनी. आज लॉगमधल्या जागेवर दोघे पुन्हा चढले. सोबत एक फोटो. लिफ्टच्या चेनची पन्हाळ, काळं ग्रीस, आणि ग्रीसमधे रुतलेलं करड्या रंगाचं पातं. खाली एवढंच लिहिलंय: "स्क्रू पण मिळाला. उद्या सकाळी सात वाजता टेस्टिंग."